वरच्या मजल्यावरचा गुलाब

गिऱ्हाईकाचा दुधी रंगाचा ड्रेस तिने नुकताच धुऊन गॅलरीत टाकला होता, आणि वरून मातकट पाण्याची धार थेट त्याच्या गळ्यावर आली. शिवणकाम करणाऱ्या बाईने आणखी किती सोसायचं? ती ओला ड्रेस हातात घेऊनच जिना चढली.

दार उघडलं ते अर्ध्या गालावर साबणाचा फेस असलेल्या एका तरुणाने. तिने ड्रेस त्याच्यापुढे धरला.

"हे तुमच्या कुंडीचं पाणी."

"धुऊन देतो," तो म्हणाला. मग ड्रेसकडे नीट बघून – "किंवा... नको. मी धुतला तर आणखी बिघडेल. मी लिफ्ट दुरुस्त करतो."

"आणि राहता बिनलिफ्टच्या इमारतीत?"

"घरी कोण काम करतं?"

हसू आवरायला तिला खाली बघावं लागलं. चिडून आलेल्या माणसाला हे शोभत नव्हतं.

एवढ्यात गॅलरीतून त्याचे वडील आले, हातात पाण्याचा मग. छापखान्यात उभा जन्म काढून नुकतेच निवृत्त झालेले. गॅलरीतल्या कुंडीतला गुलाब निरोपाच्या दिवशी सोबत्यांनी त्यांना दिला होता. तेव्हा भरभरून फुललेला. आता पानं पिवळी पडून गळत होती, आणि काका जाता-येता पाणी घालत होते.

"करावं तेवढं थोडंच," ते पुटपुटले. "मशीन बिघडलं तर आवाजावरून कळायचं मला. हे मुकं झाड. काय दुखतंय, सांगत नाही." हातातल्या मगाकडे बघून म्हणाले, "माझ्या हाताला आता यशच नाही."

तिच्या रागाचं पाणी झालं. तिच्या आईने आयुष्यभर गुलाब लावले होते. गॅलरीत जाऊन कुंडीत बोट घालताच तिला कळलं. माती तळापर्यंत चिखल, खालच्या ताटलीत पाणी साचलेलं. पण माया जास्त झाली, हे या माणसाला सांगायचं कसं?

"काका, झाडाचं पोट बिघडलंय," ती म्हणाली. "पथ्य पाळावं लागेल. रविवारी मी येते."

रविवारी तिघांनी गुलाब उपटला. काळी, मऊ पडलेली मुळं तिने कापली. तळाला मोठं भोक असलेल्या मातीच्या कुंडीत, वाळू आणि कुजलेलं खत मिसळून, तो पुन्हा लावला. मग फांद्या छाटल्या. लिफ्टवाला झाड धरून होता. काटे टोचत होते, पण हात हलत नव्हता.

"सोडा की, रक्त येतंय."

"तुम्ही इतक्या जवळून काम करताय... म्हणजे, झाड हलेल."

तिचे कान तापले. कात्री उगाचच एका ठिकाणी दोनदा चालली.

काका मात्र त्या बोडक्या खुंटांकडे नुसते बघत बसले. त्या दिवशी ते जेवलेही नाहीत. लिफ्टवाल्याने खाली येऊन हे सांगितलं. झाड गेलं तर? म्हाताऱ्या माणसाचा उरलासुरला धीर आपल्याच हाताने कापला की काय? ती रोज सकाळी वर जाऊ लागली. काकांना तिने एकच काम दिलं – माती बोटाने चाचपायची, दोन पेरं कोरडी लागली तरच पाणी.

एका सकाळी काका स्वतः जिना उतरून तिच्या दारात आले. दम लागला होता.

"लाल कोंब," एवढंच म्हणाले, आणि डोळे पुसायला तिच्याकडचीच एक चिंधी उचलली.

झाड सावरलं आणि तिचं वर जाणं संपलं. पण लिफ्टवाला खाली येऊ लागला. आधी शर्टाचं बटण. मग उसवलेला खिसा. मग दुसरा खिसा. ती टाके घालायची, तो स्टुलावर बसून लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसांचे किस्से सांगायचा. मुद्द्याचं काही बोलायचा नाही. ती तरी कुठे बोलत होती?

एका संध्याकाळी त्याने फाटलेली बाही पुढे केली. "तारेत अडकली."

तिने बाही उजेडात धरली. "तारेत अडकलेलं कापड असं फाटत नाही. ही कात्री आहे."

तो स्टुलावर चुळबुळला.

"चांगला शर्ट कापलात?"

"मी नाही... बाबांनी." त्याची मान खाली गेली. "म्हणाले, तुझी टंगळमंगळ आता मला बघवत नाही. ही बाही घेऊन जा, आणि काय ते बोलून ये."

"मग बोला."

"मला तुम्ही आवडता," तो म्हणाला. "ड्रेस घेऊन दारात उभ्या होतात, तेव्हापासून. अर्धी दाढी तशीच राहिली होती त्या दिवशी... कामावर लोक हसले."

तिने शर्टाची घडी घातली आणि बाजूला ठेवली.

"हा मी शिवणार नाही."

त्याचा चेहरा उतरला. तिला त्याची कीव आली, आणि त्याहून जास्त काहीतरी.

"कपडे फाडून यायची गरज नाही," ती हळूच म्हणाली. "तू नुसता येत जा."

'तू' ऐकून तो स्टुलावरून उठला, आणि काय करावं ते न सुचून पुन्हा बसला.