पिरुल गल्लीतला चर

मोबाइल बाजूला ठेव, नाबोर. डोळ्यात उजेड जातो माझ्या. आणि तुम्ही दोघं, खिदळायचं असेल तर घरी जा. ही कुणाच्या कुणाच्या चुलत्याची गोष्ट नाही, माझ्या कोंपाद्रेची आहे, लिबोरियोची. त्याच्या पोराला बाप्तिस्म्याला मी हातात धरलंय. माझ्याशी तो खोटं बोलायचा नाही.

मागच्या फेब्रुवारीतला दुसरा गुरुवार. म्हणजे गुरुवार सरलेला, रात्रीचे दोन वाजून दहा मिनिटं. लिबोरियो घरातून निघाला. हातात बादली, तीत एक पत्र्याचा डबा, खिशात बॅटरी. बायकोनं झोपेतच विचारलं, "कुठं?" तो म्हणाला, "आलोच." काम साधं होतं. गल्लीतल्या चरात उतरायचं, खाली सांडलेला चुना भरून घ्यायचा आणि उजाडायच्या आत कबरस्तानात नेऊन ठेवायचा.

कसला चुना, ते सांगतो. दम धरा.

आज तुम्ही त्या गल्लीतून फटफटी पळवता. तेव्हा आठ महिने ती फाडून ठेवलेली होती. गटाराचा पाइप बदलायचा म्हणून कंत्राटदार आला, गल्लीच्या तोंडाशीच दोन पुरुष खोल चर खणला, खणताना जुना पाइप फोडला आणि बिल उचलून पसार झाला. नगरपालिकेत जावं तर "साहेब जेवायला गेलेत." आठ महिने जेवत होता मेला! इकडे सगळ्या गल्लीचा संडास त्या चरात. वरून एक फळी, तेवढाच रस्ता. गॅसवाला टाक्या पलीकडेच टाकून जायचा. कचऱ्याची गाडी यायची बंद झाली. मग आपल्या लोकांनी काय करावं? कचराही चरातच! कोंबड्यांची आतडी, पोरांचे भरलेले लंगोट, एकदा तर मेलेलं मांजर. एका हातानं नाक धरायचं, दुसऱ्यानं पिशवी भिरकवायची आणि तोंडानं नगरपालिकेला शिव्या द्यायच्या. शी! लिबोरियोही त्यातलाच. मी म्हटलं, "अरे, स्वतःच्या दारात?" तर म्हणे, "सगळेच टाकतात, कोंपाद्रे." सगळेच टाकतात म्हणे. डुकरं बरी, ती निदान कारण सांगत नाहीत.

जानेवारीच्या शेवटी दोन्या तोमासा, आपल्या तोमासाबाई, गेल्या. गल्लीच्या आतल्या टोकाला राहायच्या, चिमणीएवढी म्हातारी, चाळीस किलोसुद्धा नसेल. छातीत दुखायला लागलं, ओआहाका शहरातून अ‍ॅम्ब्युलन्स आली आणि चराच्या पलीकडेच उभी राहिली. चौघांनी त्यांना खुर्चीत बसवून फळीवरून न्यायला घेतलं. फळी संपायच्या आत त्या संपल्या. त्यांची मुलगी क्रिसांता एवढंच म्हणाली, "आता शेवटचं तरी आईचं नीट होऊ दे."

शेवटचं म्हणजे आपली नववी रात्र. तुम्ही आजकालची पोरं फक्त तामाल खायला जाता, म्हणून सांगतो. जिथं मयत ठेवलं तिथं जमिनीवर चुन्याचा क्रूस काढतात. नऊ रात्री प्रार्थना. मग तो चुना कण न् कण झाडून पेटीत भरायचा आणि पहाटे कबरीत नेऊन पुरायचा. त्या चुन्याबरोबर जीव घर सोडतो. चुना जिथं, जीव तिथं. पेटी नेतो तो क्रुसाचा मानकरी. क्रिसांतानं हा मान लिबोरियोला दिला.

पहाटेचा अंधार, रात्रभराची मेस्कालची दारू पोटात. फळीवरून एकेकानंच जायचं, म्हणून लोक मागं थांबलेले. मधोमध ह्याचा पाय सटकला. हा वाचला. पेटीचं झाकण उघडलं आणि चुना खाली गेला, त्या घाणीत.

ओरडायचं होतंस, गाढवा! सगळे उतरले असते. पण नाही. पलीकडे कंत्राटदाराची फक्कीची गोणी पडली होती, रस्त्यावर रेघा मारायची. तीही चुन्याचीच. ह्यानं त्यातल्या दोन ओंजळी पेटीत भरल्या, झाकण लावलं आणि चालू लागला. क्रिसांतानं ती फक्की आईच्या कबरीत पुरली, रडली, आणि ह्याचा हात धरून म्हणाली, "देव तुमचं भलं करो." ह्यानं "आमेन" म्हटलं. मला हे सांगितलं तेव्हा त्याच्या तोंडावर थुंकायचा तेवढा राहिलो मी.

आठवडाभर हा गप्प. मग त्या गुरुवारी संध्याकाळी भोंगा फिरला, नवा कंत्राटदार आलाय, उद्या सकाळी सहाला काँक्रीट. गल्लीत फटाके वाजले. घरोघरी हसू. लिबोरियो मात्र बादली शोधत होता. सहा वाजले की दोन्या तोमासा कायमच्या त्या घाणीखाली, आणि गाडणारा हाच.

तर उतरला. शिडी लावून, बॅटरी शिडीला बांधून. खालची घाण मांडीपर्यंत आली. डब्यानं उपसतोय, हातानं चाचपतोय. चुना कुठला सापडायला? हाताला लागतायत आतडी. एकदा तो भडाभडा ओकला. त्यातच. आणि त्यातच पुन्हा हात घातला.

"दोन्या तोमासा," तो म्हणाला, "चुकलो मी. माफ करा. कुठं आहात तेवढं सांगा."

काही नाही...

मग मागं पाणी हललं.

बॅटरी विझली नाही हां. चांगली चालू होती. वळायची छाती होईना.

मानेवर श्वास आला. गार. वास... चराचा नाही. त्याहून जुना.

"ने."

एवढंच. कुजबुज. बाईची की बाप्याची, कळायची नाही.

"दोन्या... तुम्हीच ना?"

...

"ने."

आणि पाठीवर ओझं बसलं.

लिबोरियो रडला. भीतीनं नाही रे. त्याला वाटलं, माफी मिळाली. बादली तिथंच टाकली. शिडी चढला. चालू लागला. अर्ध्या वाटेवर पाठ वाकली. देवळापाशी भिंतीला टेकावं लागलं.

"जड झालात हो, दोन्या."

...

रस्त्यात एक कुत्रं भुंकलं नाही. छातीवर काहीतरी लोंबत होतं. दोन्ही बाजूंनी. ओलं. त्यानं खाली पाहिलं नाही.

कबरस्तानाचं फाटक. साखळी, कुलूप. तीन वाजून चाळीस मिनिटं.

ओझं उतरलं.

साखळी वाजली नाही. फाटक हललं नाही.

"पोचलात का?"

...

घरी येऊन त्यानं कातडं सोलेपर्यंत अंग घासलं आणि मेल्यासारखा झोपला. सहाला गाड्या आल्या. बाराच्या आत चर खडी-काँक्रीटनं गच्च. लोकांनी रस्त्यातच तामाल वाटले. लिबोरियोनं तीन खाल्ले. आठ दिवसांनी पहिल्यांदा त्याला भूक लागली होती.

दुपारी कबरस्तानाच्या रखवालदारानं क्रुसाचा मानकरी म्हणून लिबोरियोला निरोप धाडला, तुमच्या म्हातारीच्या कबरीपाशी कुणीतरी घाण केलीय. ह्याचा चेहरा उजळला. मला म्हणाला, "चला कोंपाद्रे, दाखवतो." वाटेत त्यानं मला सगळं सांगितलं.

फाटकाच्या आतून पावलं सुरू होत होती. काळ्या घाणीची, वाळलेली, अनवाणी. सरळ तोमासाच्या कबरीपर्यंत गेलेली. तिथली माती दबलेली, जणू आत्ताच कुणी निजलंय. परत आलेलं पाऊल एकही नाही.

लिबोरियोनं वाकून पाहिलं. मग हळूच आपला बूट शेजारी ठेवला. लिबोरियो काही लहान माणूस नाही, पोरांनो. दोन्या तोमासाला तर शाळेतल्या मुलींच्या चपला यायच्या.

ते पाऊल त्याच्या बुटापेक्षा चार बोटं मोठं होतं. बाप्याचं.

लिबोरियोनं बूट मागं घेतला. क्रिसांता दर रविवारी तिथं फुलं घेऊन जाते, गुडघे टेकून "आई" म्हणते. आई काँक्रीटखाली राहिली, हे तिला कुणी सांगितलेलं नाही. मीही नाही.