चौथ्या मजल्याचा फोटोवाला

त्या बुधवारी ती पाणी प्यायला आतल्या खोलीतून बाहेर आली, तर एक अनोळखी माणूस त्यांचा सोफा ढकलत होता.

"कोण तुम्ही?"

"फोटोवाला. जरा ते टोक धरता का? खिडकी झाकली जातेय."

आणि तिने धरलं. हातात लाल पेन, केसांत खोचलेली पेन्सिल, अशा अवतारात तिने सोफ्याचं टोक उचललं आणि तो म्हणाला तिथे नेऊन ठेवलं. का, ते नंतर कितीदा विचार करूनही तिला कळलं नाही. तो इतका सहज बोलला होता, की क्षणभर आपणच या घरात पाहुणे आहोत असं तिला वाटून गेलं.

बाबा खुर्चीत बसून मजा बघत होते. सात वर्षांपूर्वीच्या झटक्यात त्यांचा उजवा हात कामातून गेला होता, पण डावा हात दिशा दाखवायला पुरेसा होता. "अजून थोडा इकडे. भिंतीशी समांतर येऊ दे." आयुष्यभर इमारतींचे नकाशे काढलेला माणूस. कोणी काही सरळ रेषेत लावायला घेतलं, की तो त्यांना आपलाच वाटायचा.

तिला वाटलं, याला बाबांनी बोलावलंय. बाबांना वाटलं, तिने. आणि फोटोवाल्याला वाटलं, आपण चौथ्या मजल्यावर आहोत. तिघांच्या तीन समजुतींवर वीस मिनिटं काम जोरात चाललं. वर्तमानपत्रांचा गठ्ठा पलंगाखाली गेला, औषधांचा डबा कपाटात, पडदे सताड उघडले. मग त्याने तिच्या टेबलावरची प्रुफं उचलली — ती शाळेच्या पुस्तकांची प्रुफं तपासायची — आणि ती भानावर आली.

"अहो, ते कुठे नेताय? मी वाचतेय ते!"

"विकायच्या घरात कोणी काही वाचत नसतं, मॅडम."

"विकायच्या? कोण विकतंय?"

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. पलीकडच्या बाईंचा आवाज खोलीभर ऐकू आला. "अहो, कुठे राहिलात? आम्ही वर केव्हाच्या वाट बघतोय!"

त्याने फोनकडे पाहिलं. दाराकडे पाहिलं. मग तिच्याकडे... आणि कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाला. बाबा इतके हसले, की त्यांना ठसका लागला.

त्याने सगळं पुन्हा जागच्या जागी लावलं. कामाला हात घालण्याआधी तो प्रत्येक खोलीचा एक फोटो मोबाइलवर काढून ठेवायचा, म्हणजे जाताना घर होतं तसं लावून देता येतं. तो एका हातात मोबाइल धरून दुसऱ्या हाताने बाबांची काठी भिंतीला टेकवत होता, जराशी सरकवत होता, पुन्हा बघत होता. कागदांत तोंड खुपसून असं काम करणारी माणसं तिने पुष्कळ पाहिली होती. वस्तूंचं प्रूफ तपासणारा हा पहिलाच.

"सॉरी, मॅडम," तो दारात म्हणाला. "मजले मोजायला चुकलो."

"चारपर्यंतच मोजायचे होते."

"शिकवणी घेता का?"

"मोठ्यांची नाही घेत," ती म्हणाली आणि तिने दार लावलं. वळली तर बाबा तिच्याकडेच बघत होते.

"काय?"

"कुठे काय?" म्हणत त्यांनी पेपर उघडला.

रात्री नेहमीसारखी आठची गोळी झाली, नऊच्या बातम्या झाल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने चहा दोनदा गरम केला, तरी बाबा उठले नाहीत.

*

पाच महिन्यांनी दादाने परदेशातून व्हिडिओ कॉलवर ठरवून टाकलं, की घर विकायचं. त्याने जाहिरातीची वेबसाइटही शोधली होती. "फोटो मात्र चांगले हवेत हं. लोक फोटो बघूनच पुढे जातात."

तिने चौथ्या मजल्यावर राहायच्या त्या काकूंना फोन करून नंबर घेतला. त्यांचं घर तर तीन आठवड्यांत गेलं होतं. या वेळी फोटोवाला तिसऱ्या मजल्यावरच आला. खांद्याला कॅमेरा, बगलेत घडीची शिडी, हातात एक मोठी पिशवी.

"मजला बरोबर आहे ना? काका कुठायत?"

"बाबा गेले. तुम्ही आलात ना... त्याच्या दुसऱ्या दिवशी."

त्याने शिडी खाली ठेवली. "म्हणजे मी... त्या सगळ्या धावपळीने..."

"तुमच्यामुळे नाही हो," ती म्हणाली. "तुमच्यामुळे ते त्या दिवशी हसले."

मग काम सुरू झालं आणि दोघांनाही बरं वाटलं. कामाचं एक असतं, हातांना कुठे जायचं ते सांगता येतं. त्याचे नियम ठरलेले होते. भिंतीवरचे घरच्यांचे फोटो उतरवायचे, नाहीतर घर बघणाऱ्याला दुसऱ्याच्या घरात घुसल्यासारखं वाटतं. बाथरूममधली बादली बाहेर. फ्रीजवर काही चिकटलेलं नको. दिवसासुद्धा सगळे दिवे लावायचे, आणि कॅमेरा छातीच्या उंचीवर, म्हणजे भिंती तिरक्या दिसत नाहीत. बाबांची खुर्ची, काठी, औषधांचा डबा, सगळं तिने खोक्यांत भरून माळ्यावर टाकायला दिलं. तो शिडीवर चढून ती एकेक करून वर ठेवत गेला.

पुस्तकांच्या कपाटाशी मात्र भांडण जुंपलं.

"अहो, निळी पुस्तकं एकीकडे आणि पिवळी एकीकडे? हे काय लोकरीचं दुकान आहे?"

"डोळ्याला शांत वाटतं."

"इतिहासाच्या शेजारी स्वयंपाक लावलात तुम्ही!"

"दोन्हीत जळायचं तेच जळतं," तो म्हणाला. ती हसली आणि हसल्याबद्दल लगेच तिला चोरट्यासारखं वाटलं. पाचच महिने झालेत... पाच महिने म्हणजे कमी की जास्त, हे कुठल्या पुस्तकात बघायचं?

त्याने पिशवीतून दोन पांढरे कप काढले आणि खिडकीशी टेबलावर ठेवले.

"दोन कशाला? मी एकटी राहते."

"बघणाऱ्याला वाटलं पाहिजे, की इथे आत्ता कोणीतरी गप्पा मारत बसलं होतं." मग तो कॅमेऱ्यात डोळा घालून म्हणाला, "रिकामे कप कळतात हं फोटोत. चहा टाकता का?"

फोटो झाला आणि चहा वाया जाऊ नये म्हणून दोघं तिथेच बसले. चहा गार होईपर्यंत बसले. पडद्याच्या फटीतून उन्हाची पट्टी टेबलावर आली होती. ती हळूहळू सरकत तिच्या मनगटावर आली, तेव्हा तो बोलता बोलता थांबला. "काय?" तिने विचारलं. "काही नाही. प्रकाश छान आहे," तो म्हणाला आणि उगाच लेन्स पुसायला लागला.

*

दोन दिवसांनी फोटो आले. फोटो सुंदर होते. तिने पुन्हा पुन्हा पाहिले आणि मग कळवलं, की सोफ्यावरची उशी वाकडी दिसतेय.

तो आला. उशी सरळ केली. नवे फोटो पाठवले. तिने कळवलं, खिडकीतून फार पांढरं दिसतंय. तो सकाळच्या उन्हात आला. मग स्वयंपाकघराचा ओटा अरुंद वाटतोय म्हणून आला. मग दिव्याचा रंग पिवळट आहे म्हणून.

तिचं तिलाच कळेना. दिवसभर ती दुसऱ्यांच्या चुका शोधायची, पण नसलेली चूक तिने कधी काढली नव्हती. आणि इथे ती चांगल्या फोटोला लाल पेन लावत सुटली होती. घर सोडवत नाहीये का आपल्याला? तसंच असेल. सगळे तसंच म्हणत होते. पण मग त्याचा 'निघालोय' असा मेसेज आला, की आपण आरशासमोर का जातो? आणि आरशासमोर उभं राहिलं, की बाबांची आठवण का येते? एकाच वेळी दोन गाणी लावल्यासारखं चाललं होतं. शब्द ना याचे ऐकू येत, ना त्याचे.

"यावेळी तपासणीत काय सापडलं, संपादकबाई?" तो दारातूनच विचारायचा.

"शिवाय डावीकडची भिंतही तिरकी आहे."

"भिंत बांधणाऱ्याला बोलवा. फोटोत सरळच आहे."

"मग माझी नजर तिरकी असेल."

"छे. नजरेत काही दोष नाही," तो म्हणायचा, आणि मग दोघंही डावीकडच्या भिंतीकडे फार लक्ष देऊन बघायचे.

चौथ्यांदा तो शिडीवर चढून दिवा बदलत होता, तेव्हा दादाचा कॉल आला.

"अगं, किती दिवस तेच चाललंय? फोटो उत्तम आहेत. मला कळतं गं, सात वर्षं तू बाबांचं केलंस, तुला ते घर सोडवत नाही. पण सोड आता. रविवारपर्यंत जाहिरात टाक, नाहीतर मी सरळ एजंटाला चावी देतो. तो त्याचे फोटो त्याचे काढेल."

"बरं," ती म्हणाली. दादाला ती नेहमी 'बरं'च म्हणायची.

शिडीवर त्याने दिवा घट्ट बसवला. खाली उतरल्यावर त्याने विचारलं, "शनिवारी मला चावी द्याल? दोन-तीन तास. तुम्ही घरी नसताना."

"कशाला?"

"शेवटचे फोटो. विश्वास ठेवा... एवढा मजला चुकणार नाही."

*

शनिवारी ती प्रुफं पोचवायला बाहेर पडली आणि दोनच्या सुमारास परतली. दार लोटलेलं होतं. तिने ते उघडलं आणि उंबऱ्यातच थांबली.

समोर बाबांची खुर्ची होती. पाठीवर शाल, उजवीकडे झुकलेली. भिंतीला काठी, शेजारी औषधांचा डबा. वर्तमानपत्रांचा गठ्ठा, वरचा पेपर अर्धा दुमडलेला. पडदे निम्मे ओढलेले, कारण बाबांना उजेडाचा त्रास व्हायचा. कोपऱ्यातल्या टेबलावर तिची जुनी प्रुफं. भिंतीवर सगळे फोटो. बुधवार. तोच बुधवार, सोफा हलण्याआधीचा. कुठे बोटभरही फरक नव्हता.

तो मोबाइल हातात घेऊन खिडकीशी उभा होता. "माझ्याकडे होते ते फोटो. पहिल्या दिवशीचे. वाटलं... जाण्याआधी एकदा तुम्हाला हे असं दिसावं. आणि... नका विकू ना घर. मी बोलतो तुमच्या दादांशी."

तिने ऐकलं आणि ऐकलं नाही. तिची नजर घड्याळाकडे गेली. दोन वाजून पाच मिनिटं. ती आत आली, तिचा हात आपोआप औषधांच्या डब्याकडे गेला, झाकण उघडलं, दुपारच्या खणात बोटं घातली. खण रिकामा होता. तरी ती बोटं तिथेच फिरवत राहिली.

छातीवर कोणीतरी हळूच बसावं तसं झालं. ओळखीचं वजन. सात वर्षांचं.

"काढा," ती म्हणाली. "काढा हे सगळं."

"मला वाटलं, तुम्हाला..."

"काढा म्हटलं ना!"

तो गोंधळला. घाईघाईने त्याने शालीची घडी केली, ती चुकली, पुन्हा केली. खुर्ची उचलताना काठी पडली. तिने मदत केली नाही. ती तिथेच उभी होती आणि आपण रागावलोय की रडतोय, तिला कळत नव्हतं.

"चुकलंच माझं," तो शेवटी म्हणाला. पिशवी खांद्याला लावली. "मी पहिल्यांदा पाठवलेले फोटो चांगले आहेत, तेच टाका जाहिरातीला. आता मी... येत नाही. उगाच त्रास तुम्हाला." त्याने चावी टेबलावर ठेवली, शिडी बगलेत मारली आणि निघाला.

शिडी दाराच्या चौकटीत अडकली. आडवी धरली होती. त्याने ती फिरवली, पुन्हा अडकली. तेवढ्या खटपटीत ती बोलली. पाठमोऱ्या माणसाशी बोलणं सोपं जात असावं.

"मला घर नकोय."

तो थांबला.

"सगळ्यांना वाटतं, मला सोडवत नाही. दादाला, वरच्या काकूंना. तुम्हालाही. मला नकोच होतं हो हे घर. बाबा होते तेव्हाही नको होतं. रोज दोनची गोळी देताना खिडकीतून बघायचे आणि मनात म्हणायचे, कधी सुटेन. बाबा मला खूप आवडायचे. आणि मला इथून जायचं होतं. दोन्ही. मी हे कोणाला सांगितलं नाही. बाबांना तर नाहीच. आणि मग ते गेले, आणि मी मोकळी झाले... आता आनंदाने कुलूप लावलं, तर मी त्याचीच वाट बघत होते असं नाही का होणार?"

त्याने शिडी भिंतीला टेकवली आणि वळला. त्याने तिला समजावलं नाही, की असं काही नसतं. तो एवढंच म्हणाला, "माझी आई दोन वर्षं अंथरुणाला होती. मीही घड्याळ बघायचो."

जिन्यात खाली कोणीतरी पोरांना हाका मारत होतं. ती खाली बसली, उंबऱ्यातच. तोही पायरीवर बसला, शिडीपेक्षा जरा जवळ.

"म्हणजे उद्या जाहिरात टाकताय?" त्याने विचारलं.

"हो. आजच टाकते."

"मग एक सांगा. एक गोष्ट मला अजिबात कळलेली नाही." तो अगदी प्रामाणिकपणे गोंधळला होता, भुवया वर गेल्या होत्या. "घर विकायचंच होतं, तर फोटोत चूक काय होती? उशी, खिडकी, ओटा, दिवा... मी घरी जाऊन रात्र-रात्र बघायचो. मला एक चूक सापडली नाही."

"नव्हतीच."

"एकही?"

"एकही नाही."

"मग चार-चारदा बोलावलंत कशाला?"

'काही नाही' म्हणायची, 'बरं' म्हणायची, विषय बदलायची सवय तिच्या जिभेशी येऊन उभी राहिली. तिने तिला तिथेच थांबवलं. तिचा आवाज उंबऱ्यावरून सरळ पायरीवरच्या त्याच्यापर्यंत गेला.

"तुम्ही यावं म्हणून."