केबल काढल्यावरही

देवासमोर बसून लिहितेय. यात पदरचा एक शब्द नाही.

गेल्या मे महिन्यातला गुरुवार. चाकणच्या कंपन्यांना सुट्टी. टळटळीत दुपार.

माझी धाकटी जाऊ वर्षाली तिथल्या एका कारखान्यात ड्रॉइंगचं काम करायची. त्या आठवड्यात एका गिऱ्हाईकाची गुप्त ड्रॉइंग्ज बाहेर सापडली. गेली होती तिच्याच कॉम्प्युटरवरून.

"शुक्रवारपर्यंत कारण शोधा, नाहीतर राजीनामा द्या," मालक मारुतराव म्हणाले होते.

म्हणून सुट्टी असूनही ती नेटवर्क बघणाऱ्या नवनाथला घेऊन ऑफिसात गेली.

"वहिनी, हे फाईली उतरवायचं सॉफ्टवेअर कुणी टाकलं?" त्यानं तिला विचारलं.

"समाधानदादानं. म्हणाला, तुझ्या जाऊबाईंना भजनं लागतात ना, फुकट मिळतील."

समाधान शेजारच्या टेबलावरचा. ती त्याला राखी बांधायची. मार्चमध्ये तळेगाव रस्त्यावर अपघातात गेला.

"फुकट कसलं? आपण लोकांच्या मशीनमधून घेतो, लोक आपल्यातून नेतात. तुमचं ड्रॉइंगचं फोल्डर सताड उघडं आहे."

"चुकून झालं असेल. दादा असं नाही करणार."

नवनाथनं इंटरनेटची केबल उपटली.

तरी स्क्रीनवर बाहेर गेलेल्या फाईलीचा आकडा चढतच होता...

फाईल जात होती.

घेणारा एकच. नाव... समाधान.

"त्याचं मशीन कुठंय?"

"स्टोअरमध्ये. डिस्क काढून ठेवलंय."

दोघं गेले. धुळीत मशीनचा डबा पडलेला. एकही वायर जोडलेली नव्हती.

वर्षालीनं हात लावला...

गरम.

परत येऊन नवनाथनं सेटिंग उघडलं.

"चुकून नाही, वहिनी. भजनांचं फोल्डर वेगळं आहे. हे त्यानं मुद्दाम निवडलंय. गेल्या राखी पौर्णिमेला, दुपारी सव्वातीनला."

त्या दिवशी तोच म्हणाला होता, "जा ताई लवकर, सण आहे. तुझं मशीन मी बंद करतो."

वर्षाली स्क्रीनकडे बघत राहिली.

"दादा... का रे?"

आकडा थांबला.



...मग पुन्हा चढू लागला.

नवनाथनं मोबाईलवर फोटो काढला. शुक्रवारी मालकांना दाखवला, तर नुसता काळा पडदा.

"मेलेल्या माणसावर ढकलताय? लाज वाटू द्या!"

वर्षालीची नोकरी गेली.

रोज दिवा लावताना मी गेलेल्यांची नावं घेते. समाधानचं नाव आलं की आता जीभ अडते.

"घ्या हो ताई," वर्षाली म्हणते. "पण मला एक सांगा... तो तिथं ती ड्रॉइंग्ज नेऊन कुणाला देत असेल?"