गुरुवारी अकरा वीसला बंद झालेली फाइल

"माझी केस मशीननं बंद केली म्हणं!" मांजरीच्या बायडाबाईंनी छापील पत्र टेबलावर आपटलं. "बिल्डर माझ्या बारा गुंठ्यांतनं रस्ता काढतोय. सोमवारी सुनावणी हाय. केसच नाय, तर मी बोलू कशाच्या जोरावर?"

खासगी गुप्तहेर सत्यशीलानं बाईंच्या वकिलाच्या कचेरीतून आलेलं ते पत्र वाचलं. 'कागदपत्रे मुदतीत न आल्याने संगणकाने फाइल आपोआप बंद केली. गुरुवार, सकाळी ११.२०.'

"कागद दिले नव्हते?"

"बुधवारीच दिले की! वकिलाच्या कारकून बाईच्या हातात."

"मग मशीन बिघडलं," सहकारी दत्तप्रसादनं निकाल दिला.

"तुझं तर सुरूच झालेलं नाही. चल."

वकील विश्वजीतची कचेरी विश्रांतवाडीत. तिथल्या एकुलत्या एका संगणकात नवं सॉफ्टवेअर होतं. कागद आले की फाइल आपोआप पुढं सरके, न आले की आपोआप बंद होई. लाज सोडलेल्या माणसाला असलं यंत्र फार सोयीचं. नोंदी बदलायचा पासवर्ड तिघांकडेच.

कारकून सुहासिनी रडवेली झाली होती. "बुधवारी मीच नोंद केली हो. गुरुवारी तर दिवसभर खिडकीपाशी बसून पाकिटं चिकटवली, पंख्याविना."

प्रोग्रॅम लिहिणारा अभिनव खांदे उडवत म्हणाला, "मॅडम, बग नाहीये. आणि गुरुवारी या एरियात मी व्हिजिटच देत नाही. पॉइंटच नसतो."

विश्वजीतनं टेबलावरचा गृहप्रकल्पाचा नकाशा गुंडाळला. "बाई विसरली असणार. गुरुवारी मी इथं पाऊल टाकत नाही. दिवसभर कोर्टात असतो."

सत्यशीलानं वीज मंडळाला एक फोन केला आणि बायडाबाईंसह सगळ्यांना एकत्र बसवलं.

"इथं दर गुरुवारी नऊ ते पाच वीज बंद असते. अकरा वीसला हा संगणकाचा डबा मेलेला होता. म्हणजे बुधवारची नोंद पुसून ही वेळ कुणीतरी नंतर हातानं घातली."

"कोणी?" दत्तप्रसाद.

"ज्याला वीज नसते हे माहीत नाही, त्यानं. सुहासिनी पंख्याविना बसली होती. अभिनव वीज नसते म्हणूनच येत नाही. उरले मालक! आपल्याच कचेरीत गुरुवारी अंधार असतो, याचा यांना पत्ता नाही. वकीलसाहेब, तो बिल्डरचा नकाशा उघडा. रस्ता बारा गुंठ्यांतून जातो ना? अशिलाला विकलंत, वर पाप मशीनच्या माथी!"

विश्वजीतनं नकाशा मागं सरकवला. "मावशी, उद्याच केस पुन्हा उघडतो."

"तुमी नगं," बायडाबाई म्हणाल्या. "फाइल मी बंद केली, असं लिवून सही करा. सोमवारी दुसरा वकील उभा करते."

त्यानं लिहिलं. बायडाबाईंनी कागद सुहासिनीपुढं धरला.

"वाच गं. मोठ्यांदा वाच, या मशीनलाबी ऐकू दे."