पुतळ्याचं ब्लड प्रेशर

“अठ्ठावन्न... एकोणसाठ... वेळ संपली!” शंकासुर ओरडला.

टाचणीनं आत्याच्या मनगटावरची बोटं उचलली. “अर्ध्या मिनिटात एकोणसाठ! म्हणजे मिनिटाला एकशे अठरा ठोके!”

“दोन जिने चढून आलेय मी. धडधडणारच!” आत्या धापा टाकत म्हणाली.

शाळेच्या प्रकल्पासाठी सुट्टीत दहा मोठ्या माणसांची नाडी मोजायची होती. म्हणून टाचणी, तिचा धाकटा भाऊ ढोलू आणि शेजारचा शंकासुर आत्याच्या शिवणकारखान्यात येऊन धडकले होते. आत्या तिथे कापड बेतण्याचं काम करायची. आज मात्र ती सारखी कपाळ दाबत होती.

“डोकं दुखतंय? प्रेशरची गोळी घेतलीस?” टाचणीनं विचारलं.

“बंद केली! परवा इथे तपासणी झाली. एकशेवीस-ऐंशी! अगदी तरण्या पोरीसारखं!”

शंकासुराला एवढ्यानं चैन पडतंय होय! तो भिंतीवरच्या तपासणीच्या यादीपाशी गेला आणि तिथेच खिळला. बेचाळीस माणसं, आणि प्रत्येकापुढे एकशेवीस-ऐंशी!

“बेचाळीस हृदयं एकाच मापानं बेतली की काय?” ढोलू म्हणाला.

“माझंही तेच?” इस्त्रीवाले काका चकित झाले. “अरे, परवा तर मी सुट्टीवर होतो!”

तिघं व्यवस्थापकांकडे धावली. त्यांनी मानसुद्धा वर केली नाही. “तपासणीवाला अनुभवी आहे. उरलेल्यांना तपासायला दुपारी येतोय. मध्ये लुडबुड नको!”

टाचणी हिरमुसली नाही, उलट पेटून उठली. आत्यानं गोळ्या सोडल्या होत्या, त्या एका खोट्या आकड्यावर विसंबून!

दुपारी तिघांनी रांगेत एक नवे ‘कामगार’ आणून बसवले. कारखान्यातला, कपडे चढवून बघायचा कापडी पुतळा! अंगात सदरा, बाहीत चिंध्या ठासलेल्या, हातमोजा, टोपी आणि तोंडावर मास्क. तपासणीवाल्याचे डोळे मोबाइलमध्ये. त्यानं न बघताच पट्टा गुंडाळला आणि दोनदा फुगा दाबला. स्टेथोस्कोप गळ्यातच लोंबत होता. तरी त्यानं तपासणीच्या कार्डावर आकडा खरडला.

“एकशेवीस-ऐंशी. छान! मीठ कमी खा. पुढचा!”

पुतळा ढिम्म.

“अहो, उठा ना!” त्यानं हात ओढला, आणि हात निखळून त्याच्याच हातात आला!

“बापरे!”

सगळा कारखाना खो खो हसत सुटला. आवाज ऐकून व्यवस्थापक धावत आले. पुतळ्याचं कार्ड वाचून त्यांचा चेहरा खर्रकन उतरला. त्यांनी लगेच दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंना बोलावून घेतलं.

बाईंनी आत्याला पाच मिनिटं शांत बसवलं. पाठ टेकलेली, पावलं जमिनीवर, बाही वर, बोलणं बंद. मग स्टेथोस्कोप कानांत घालून त्या नीट ऐकू लागल्या.

“एकशे अठ्ठ्याहत्तर, एकशे आठ.”

हसणं कुठल्या कुठे विरलं.

“हृदय आकसून रक्त ढकलतं, तेव्हाचा दाब म्हणजे वरचा आकडा. ते सैलावतं तेव्हाचा खालचा,” बाई म्हणाल्या. “दाब असा चढलेला राहिला, तर रक्तवाहिन्या, मेंदू, मूत्रपिंडं सगळ्यांना इजा होते. पुष्कळांना त्रासही जाणवत नाही, म्हणून तर नीट मोजायचं! आणि गोळ्या आपल्या मनानं कधीच थांबवायच्या नाहीत.”

“आत्या, मला खूप भीती वाटली गं,” म्हणत टाचणी तिला बिलगली.

सगळ्यांची तपासणी पुन्हा झाली. आणखी नऊ जणांचा रक्तदाब वाढलेला निघाला!

“इथे एवढी मोठी माणसं, पण डोळे उघडे ठेवले ते या तिघांनी. शाब्बास रे!” डॉक्टरबाई म्हणाल्या. व्यवस्थापकांनी सगळ्यांदेखत पोरांची माफी मागितली.

महिनाभर आत्यानं वेळेवर गोळ्या घेतल्या, खारट कमी केलं आणि रोज संध्याकाळी तिघांबरोबर भराभर चालली. मग दवाखान्यात पुन्हा पट्टा बांधला गेला.

“एकशे सव्वीस, ब्याऐंशी!” बाई हसल्या.

“नक्की?” शंकासुरानं विचारलंच.

बाईंनी स्टेथोस्कोप त्याच्या कानांत घातला आणि दुसरं टोक आत्याच्या छातीवर ठेवलं. लब-डब, लब-डब. तो कितीतरी वेळ ऐकत राहिला. मग टाचणीकडे वळून म्हणाला, “ये, तूही ऐक. मस्त चाललंय!”