अर्धा डबा निळा

लातूर जिल्हा झाला, त्याच्या पुढच्या उन्हाळ्यातली ही गोष्ट. जिल्हा मिळाला, पण पाणी काही मिळालं नाही. टँकर तिसऱ्या दिवशी यायचा, आणि गंजगोलाईच्या बाजारातल्या रंगाच्या दुकानात निळा ऑइलपेंट तर महिना महिना यायचा नाही. म्हणून त्या दुपारी दुकानदारानं निळ्याचा शेवटचा छोटा डबा काउंटरवर ठेवला आणि त्यावर एकदम दोन हात पडले, यात नवल काही नव्हतं.

"मी आधी धरला," शिवकांता म्हणाली.

"तुम्ही झाकण धरलंय. डबा मी धरलाय," तो म्हणाला. चोविशीतला असेल. मनगटापर्यंत पांढऱ्या रंगाचे शिंतोडे, आणि खिशाला मात्र सरकारी पेन.

"मला लई गरज आहे."

"मला सरकारी गरज हाय. सगळ्या पाट्यांवरचं उस्मानाबाद झाकून जिल्हा लातूर लिहायचंय. पेंटर पळाला. साहेब म्हणाले, मन्मथ, तुझं अक्षर बरं आहे, तूच लिही. आता कारकुनी सोडून पाट्या रंगवायलोय. तुमचं काय काम अडलंय?"

"मग रंगवायचेत."

"आंघोळीचे?"

"चहाचे!" शिवकांता फणकारली. मग तिलाच हसू आलं आणि डब्यावरची पकड सैल झाली. त्याचीही झाली.

शेवटी अर्धा अर्धा करायचं ठरलं. तिनं पिशवीतून एक रिकामी डबी काढली, त्यानं ओतायला घेतलं. ओतताना त्याचं लक्ष रंगाकडे नव्हतं. कुठे होतं ते त्याचं त्याला माहीत! एक थेंब निसटला आणि थेट तिच्या पायाच्या अंगठ्याच्या नखावर पडला.

"अरेरे... जाईल का हो हा?" तो गडबडला.

"टर्पेंटाइननं जाईल."

"आणि न्हाई गेला तर?"

"तर तुमच्या साहेबांकडं अर्ज करीन," ती म्हणाली आणि मागे न बघता चालू लागली. घरी टर्पेंटाइनची बाटली होती. थेंब मात्र तिनं पुसला नाही. का पुसला नाही, हे तिला विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

मग रंगवायचा नाद तिला दुष्काळानंच लावला होता. अंगणातल्या डब्यांत तिचा मोगरा होता, अबोली होती. आदल्या वर्षी पाऊस रुसला आणि सगळं वाळून गेलं. मग तिनं भांड्यांच्या दुकानातून चिनी मातीचे पांढरे कोरे मग आणले आणि त्यांच्यावर फुलं काढायला लागली. सोड्यानं पुसून तेलकटपणा घालवायचा, बारीक ब्रशनं रंगवायचं, एक दिवस वाळू द्यायचं. कुणाचा वाढदिवस असो, कुणाची बारावी सुटो, शिवकांताचा मग ठरलेला. तिची आई सिद्धम्मा एरवी पोरीच्या नादांवर चिडायची, पण याला काही बोलली नाही. या नादाला पाणी लागत नव्हतं ना!

आठवड्यानं टँकरवरून घागर घेऊन येताना शिवकांता थबकली. गल्लीच्या तोंडाशी शिडी, आणि शिडीवर मन्मथ. पाटीवर 'जि. ला' एवढं लिहून झालं होतं.

"बघू तरी तुमचा एक मग," तो वरूनच म्हणाला. "मी माझी पाटी दाखवलीच की."

घागर ठेवून ती खरोखर एक मग घेऊन आली. शिडीवरून उतरून त्यानं तो दोन्ही हातांत धरला, सगळ्या बाजूंनी फिरवून पाहिला. निळी गोकर्णाची वेल होती.

"वरची एवढी जागा कोरी का सोडली?"

"तिथं ओठ लागतात. तिथं रंग कशाला? मी दोन बोटं सोडूनच काढते."

यावर त्याचे कान लाल झाले, आणि ते पाहून तिचेही. थोडा वेळ दोघंही त्या अर्ध्या लिहिलेल्या पाटीकडे मोठ्या अभ्यासू नजरेनं बघत उभे राहिले.

"मला पण एक रंगवून द्या," तो म्हणाला.

"कुणाला द्यायचाय?"

"ते... अजून ठरलं न्हाई."

"ठरलं की सांगा मग," ती म्हणाली आणि घागर उचलून गेली.

ठरलं नाही म्हणजे काय? कुणी आहे आणि विचारायचं राहिलंय? की कुणीच नाही? की... तीन दिवस तिचं डोकं नुसतं भणभणलं. भाजीत मीठ दोनदा पडलं. शेवटी तिनं मग रंगवला. त्यावर फूल काढलं नाही, एक इवलीशी पाटी काढली आणि पाटीवर लिहिलं, 'जि. लातूर'. वाळल्यावर तो फडताळात पार मागे लपवला. आणि मन्मथ? तो तालुक्यांच्या पाट्या लिहायला गेला तो दहा दिवस फिरकलाच नाही. गंमत म्हणजे दोघांपैकी तिला त्याचं नाव तेवढं ठाऊक होतं. तिचं नाव विचारायचं त्याला सुचलंच नव्हतं.

अशात शेजारच्या पारूकाकू आल्या.

"शिवे, तुझे सहा मग दे गं बाई. गुरुवारी सिंधुला बघायला यायलेत."

सिंधु म्हणजे पारूकाकूंची मुलगी, शिवकांताची लहानपणापासूनची मैत्रीण. त्या काळी मुलगी बघायला पाहुणे आले की मुलीच्या हातचं काहीतरी मांडून ठेवायची पद्धत होती. गल्लीत सगळ्यांत मिळून मण्यांचं एकच तोरण होतं आणि आतापर्यंत ते पाच मुलींनी 'केलं' होतं. त्यात गैर काही वाटायचं नाही. शिवकांतानं मग आनंदानं दिले. सिंधुला दोन ठिकाणांहून नकार आला होता, तिसरा येऊ नये एवढंच तिला वाटत होतं.

"मध्यस्थ अण्णाराव म्हणत होते, मुलानं ऐकलं की मुलगी मग रंगवते, आणि लगेच हो म्हणाला बघायला. बाकी काही इचारलंच न्हाई!" पारूकाकू खुशीत होत्या.

गुरुवारी शिवकांता सिंधुच्या स्वयंपाकघरात चुरमुऱ्यांच्या सुशील्याला फोडणी देत होती. बाहेर पाहुणे बसले होते. मुलगा कसा आहे बघावं म्हणून तिनं पडदा दोन बोटं बाजूला केला, आणि हातातला झारा तसाच राहिला.

मन्मथ! इस्त्रीचा शर्ट, केसांना तेल, आणि चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता.

अस्सं! म्हणजे आमच्यासमोर कान लाल करायचे आणि शेजारच्या घरात मुली बघत हिंडायचं?

तेवढ्यात सिंधु ट्रे घेऊन बाहेर गेली. मन्मथनं मान वर केली आणि त्याचा चेहरा गोंधळला, चुकीच्या बसमध्ये बसलेल्या माणसाचा गोंधळतो तसा. त्यानं सिंधुकडे पाहिलं. हातातल्या मगाकडे पाहिलं. निळी गोकर्णाची वेल. पुन्हा सिंधुकडे.

"हे... तुम्ही रंगवलंय?"

सिंधुनं मान हलवली.

"वरची दोन बोटं जागा का सोडली?"

पडद्यामागे शिवकांतानं श्वास धरला.

"रंग संपला," सिंधु म्हणाली.

अण्णारावांना ठसका लागला. पारूकाकू पांढऱ्याफटक पडल्या. मन्मथनं एक शब्द बोलायचा अवकाश, सगळं उघडं पडलं असतं. पण तो हळूच म्हणाला, "हाव, निळा मिळतच न्हाई सध्या बाजारात."

शिवकांताला त्याचा भयंकर राग आलेला होता. आणि त्याच क्षणी तो तिला इतका आवडला, की रडावं की काय करावं तेच कळेना. पडद्याआड ती तशीच उभी राहिली. आपले पाय पडद्याखालून दिसतात, हे तिच्या ध्यानातच आलं नाही.

मन्मथच्या आईला मुलगी पसंत पडली होती. मुलाचं गप्प होणं म्हणजे लाजणं, असं तिनं धरून टाकलं. "रविवारी सुपारी फोडायला येतो," ती सिंधुला म्हणाली. "तवर माझ्यासाठी तुझ्या हातचा एक मग रंगवून ठेव, बाळा. मला दुसरं काही नको."

दुसऱ्या दिवशी शिवकांता रंगाच्या दुकानाशी गेली. तो तिथे असेल असं तिला वाटलं होतं, आणि तो होता.

"मी मग रंगवणाऱ्या मुलीलाच बघायला आलो होतो," तो घाईघाईनं म्हणाला. "त्याच गल्लीतली, मग रंगवणारी... दुसरी कोण असणार? मला वाटलं, तुम्हीच."

"मग बघितली ना?"

"तिचा अंगठा बघितला. पडद्याखालून. निळा."

तिला हसू आलं आणि डोळेही भरले. "सिंधुला दोनदा नकार आलाय. आणि तुमच्यापुढं मगाचं खोटं मांडायला मीच मदत केली. माझ्यापायी तिला तिसऱ्यांदा न्हाई म्हणू नका."

"मग काय, हो म्हणू? तुम्ही सांगा. तुम्ही म्हणाल तसं करतो."

आता काय सांगायचं? हो म्हण म्हणायला जीभ उचलत नव्हती, नाही म्हण म्हणायला मन धजत नव्हतं. "मलाच काही कळंना गेलंय," ती म्हणाली. पिशवीतून तिनं निळ्याची डबी काढली आणि त्याच्या हातात ठेवली. "हे तुमचं. मला आता लागायचं न्हाई."

शनिवारी सिंधु धावत आली.

"शिवे, मला शिकव! उद्या त्याच्या आईला मग द्यायचाय."

शिवकांता शिकवायला बसली. ज्या माणसावर जीव जडला, त्याच्या आईसाठीचा मग दुसरीच्या हातून रंगवून घ्यायचा, असली पाळी वैऱ्यावरही येऊ नये. सिंधुनं ब्रश घेतला. फुलाचा कोबी झाला, पानांच्या पाली झाल्या.

"जन्मभर मला हे करावं लागणार का गं?" सिंधु रडकुंडीला आली. "आण, तुझा तो निळा आण. निळ्यानं झाकू हे सगळं."

"निळा न्हाई. परत दिला."

"परत? कुणाला?"

शिवकांता ब्रश पुसायला लागली. सिंधुनं तिच्याकडे बघितलं, मग नजर खाली तिच्या अंगठ्यावर गेली. त्या दिवशी बाहेर बसलेल्या माणसाची नजर सारखी पडद्याखाली का जात होती, ते तिला आत्ता उमगलं. तिनं उठून फडताळ उघडलं. कोरा मग शोधायचा म्हणून हात मागे घातला, आणि हाताला 'जि. लातूर' लागलं.

"हे काय आहे?"

शिवकांतानं तोंड ओढणीत लपवलं आणि तिथूनच सगळं सांगून टाकलं.

रविवारी पाहुणे आले, चार माणसं जमली. अण्णारावांनी सुपारी हातात घेतली. मन्मथ खाली मान घालून बसला होता. आज आपण काय म्हणणार आहोत हे त्याचं त्यालाच ठाऊक नव्हतं. शिवकांता पडद्यामागे होती. सिंधुनं तिला बळंच आणलं होतं.

सिंधु ट्रे घेऊन बाहेर आली. ट्रेमध्ये दोन मग होते.

"अव्वा," ती मन्मथच्या आईला म्हणाली. त्यांच्या घरी आईला अव्वा म्हणतात हे ती ऐकून होती. "हा कोबीचा मग मी रंगवलाय. बाकीचा एकबी माझा न्हाई. रंग संपला न्हवता, मला ठाऊकच न्हवतं. आणि हा दुसरा मग तुमच्या पोरानं सांगून ठेवलेला आहे."

पारूकाकूंनी कपाळाला हात लावला. "सिंधे, अगं काय करलालीस!"

"आई, दोनदा लोकांनी मला न्हाई म्हटलं. ह्या येळी मी म्हणते," सिंधु म्हणाली. तिची हनुवटी वर होती. मग तिनं जाऊन पडदा सर्रकन बाजूला ओढला.

आत शिवकांता, हातात झारा, पळायला वाट नाही.

मन्मथच्या आईनं तिला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं आणि अंगठ्यावर नजर थांबवली. "हीच का रे?"

"हाव, अव्वा."

"नाव काय हिचं?"

मन्मथनं तोंड उघडलं. मिटलं. "नाव... न्हाई माहीत."

अण्णाराव मोठ्यानं हसले, मग सगळंच घर हसलं. पारूकाकू तेवढ्या हसल्या नाहीत. मन्मथच्या आईनं उठून सिंधुला जवळ घेतलं आणि ट्रेमधला कोबीचा मग उचलून आपल्या पिशवीत घातला. "मी तुझ्या हातचा मागितला होता. हा तुझ्या हातचा आहे. हाच मी नेणार," ती म्हणाली. "पारूबाई, अशी खरं बोलणारी पोरगी तुमच्या घरी आहे, आणि तुम्ही दुसरीचे मग कशाला मांडता?" तेव्हा कुठे सिंधुच्या डोळ्यांतून पाणी आलं.

मन्मथ उठला. ट्रेमधला 'जि. लातूर' त्यानं दोन्ही हातांत घेतला आणि पडद्यापाशी आला.

"तुम्ही म्हणाला होता, ठरलं की सांगा," त्यानं मग तिच्यापुढे धरला. "कुणाला द्यायचा ते ठरलंय."

तिनं झारा खाली ठेवला आणि मग घेतला.

"शिवकांता," ती म्हणाली. "नाव."