महारुद्रची डावी मूठ

दिवा बारीकच राहू द्या. मधी कुणी बोलायचं नाही, आणि भ्याला तर माझ्या कुशीत शिरायचं नाही. हे ऐकीव नाही. माझ्या धाकट्या दिरासोबत घडलेलं आहे.

शिवप्रकाश भावजी त्या रात्री चुडाव्याहून मोटारसायकल काढून निघाले, ते एक इष्टलिंग आणायला. दोन हजार चोवीस साल, महाशिवरात्रीचा दुसरा दिवस, शनिवार. एक वाजायला दहा मिनिटं.

जत्रेत नाटक झालं होतं, सहा किलोमीटरवरच्या जुन्या मठाच्या अंगणात. सातशे वर्षांमागची कथा. मठात स्वामीचा खून होतो. वैद्य, आचारी, पोथ्या राखणारा, शिष्य आणि पहारेकरी, या पाचांतलाच एक खुनी. नाटक बसवलं भावजींनी. स्वामी झाला त्यांचा जिवलग महारुद्र.

समाधीच्या प्रवेशासाठी भावजींनी खराच खड्डा खणून घेतला. धूळ उडू नये म्हणून आत पाणी मारलं. आपल्या लिंगायतांत मेलेल्याला बसवून पुरतात, डाव्या तळहातावर त्याचं गळ्यातलं लिंग ठेवून. महारुद्र म्हणाला, "मी हातात सुपारी धरतो. गळ्यातलं लिंग काढून खड्ड्यात बसायचं न्हाई."

"रोज पूजेला हातावर घेतोसच की!"

"पूजेला पाटावर बसतो. खड्ड्यात न्हाई."

"लय शहाणा झालास. सुपारी पहिल्या रांगेला कळती. बस गप."

बसला बिचारा. मी तिथं असते तर भावजींच्या पाठीत लाटणं घातलं असतं.

प्रवेश संपला, अंधार केला. वर चढताना लिंग हातातून निसटलं, घाईत कळलंच नाही. सगळे टेम्पोत बसून चुडाव्याला आले. घरी बघतो तर गळ्यातली चांदीची डबी रिकामी! महारुद्र पाटावर बसला तो बसलाच. लिंग हाती येईपर्यंत पाण्याचा घोट घेणार नाही. आधीच दोन दिवसांचा उपास, वर साखरेचं दुखणं.

त्याची बायको त्रिवेणी भावजींच्या दारात आली. "हट्ट तुमचा होता. तुमीच आणा. न्हाईतर ह्यांचं काई खरं न्हाई."

भावजी पोचले तर मठात लाईट गेलेली. भावजींनी गाडीचा उजेड टाकला. खड्ड्याभोवती पाच जण बसलेले. नाटकातल्याच कपड्यांत.

भावजी हसले. "काय रे बन्सीधर, आचाऱ्याचं पागोटं घालूनच झोपतोस का?"

पाचही जण खड्ड्यातच बघत राहिले.

मग त्यांना आठवलं. बन्सीधर टेम्पोतून त्यांच्यासमोर उतरला होता. पाचही उतरले होते. कपड्यांची पेटी भावजींच्या घरात होती. कुलूप लावून...



खड्ड्यात कुणीतरी बसलं होतं. मान खाली. डावा हात पुढं. तळहातावर लिंग.

"महारुद्रा...?"

वैद्यानं वाकून त्याची नाडी धरली. नाटकात धरायचा तशीच. नाटकात तो लगेच म्हणायचा, "गेला." इथं म्हणेना. थांबला होता. पाचही जण थांबले होते.

भावजींनी लिंगाकडं हात नेला.

बोटं मिटली. एकेक करून...

वैद्य म्हणाला, "गेला."

गाडी तिथंच टाकून भावजी पळाले. चपला कुठं पडल्या, शुद्ध नव्हती.

महारुद्रच्या दारात बायका जमलेल्या. त्रिवेणी रडत नव्हती. "मी हलले न्हाई ह्यांच्यापासून. मघाशी ह्यांनी हात पुढं केला, कुणाला नाडी दाखवावी तसा. म्हणलं, काय होतंय? तर..."

महारुद्र पाटावर होता. बसलेलाच. मान खाली. डावी मूठ आवळलेली.

"आणलं का?" त्रिवेणीनं विचारलं.

भावजींनी दोन्ही हात उघडून दाखवले. रिकामे.

पहाटे शेवटचे विधी करायला जंगम आले. त्यांनी मूठ सोडवली. एकेक बोट.

आत लिंग होतं. वर खड्ड्यातली काळी माती...

ओली.